लसीची पंगत आणि घरची बाई

आपलं गाव (तुमचं माहेर, माझं सासर),
अमडापूरच्या अलीकडे, ता. चिखली.
९ जून २०२१

आदरणीय विमलताईंना धम्मशीलाचा सविनय जय भीम. भाऊजींना वेगळा जय भीम, कारण मागच्या वेळी दोघांना मिळून एकच लिहिला तर तो आपल्यापर्यंत पोचलाच नाही, अशी त्यांनी फोनवर तक्रार केली होती. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? भाऊजींची साखर काय म्हणते? (साखर त्यांची असली तरी तिचं पथ्य तुम्हालाच सांभाळावं लागतं, ते मला ठाऊक आहे.) इकडे आईंची तब्येत ठीक. म्हणजे लकवा आहे तिथेच आहे, उजवं अंग होतं तसंच आहे, पण बोलणं गेल्या दोन-तीन महिन्यांत पुष्कळ सुधारलं, आणि सुधारलेलं सगळं बोलणं त्या माझ्यावरच खर्च करतात. काळजी नसावी.

तुम्ही म्हणाल, रोज फोन होतो तरी हिला पत्र लिहायचं काय सुचलं? त्याचं असं आहे की आपल्या घरात रेंज येते ती फक्त आईंच्या खाटेच्या उशाशी, खिडकीत. मी तुम्हाला काहीही सांगायला लागले की आई मधून दुरुस्त्या करतात. परवा मी ‘आई आता चांगलं जेवतात’ म्हणत होते, तेव्हा मागून ‘जेवतो, दुसरं काय करतो, नाही जेवली तं हे बोंबलते’ हे तुम्हीही ऐकलं असेल. काही गोष्टी अशा असतात की त्या दुरुस्ती न होता तुमच्यापर्यंत पोचायला पाहिजेत. म्हणून हे पत्र. पोस्टाने पाठवत नाही, पोस्टाचा भरवसा मला आहे पण घाई जास्त आहे. सोमवारपासून एसटी सुरू झाली, आणि नाशिकच्या गाडीवरचे एक कंडक्टर यांचे जुने दोस्त आहेत, तेच परवा घरी आणून देतील. त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडू नका. (ओट्यावरच पाजा. घरात घेऊ नका. ते वाईट मानणार नाहीत, त्यांचीही आई घरी आहे.)

तर हकीकत लसीची. तुमचे दोन्ही डोस झाले, त्याचे फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले. दुसऱ्या फोटोतली निळी साडी फार शोभते, आईंनी तो फोटो तीनदा मागून पाहिला आणि दर वेळी ‘सुई कुठी दिसून नाही राह्यली’ असं म्हणाल्या. यांचाही एक डोस झाला. सत्तेचाळीस वर्षांचे असण्याचा यांना आयुष्यात पहिल्यांदाच काही फायदा झाला आणि ते तो चार दिवस सांगत होते. राहिलो आई आणि मी. मी बेचाळीसची, म्हणजे सरकारच्या हिशोबाने अजून कोवळी. हे आईंना सांगितलं तर त्यांना इतकं हसू आलं की तोंडातलं पाणी ठसकलं आणि मला पाठ चोळत बसावं लागलं.

पण ताई, हसण्यासारखं त्यात थोडंच होतं. आई खाटेवरून हलत नाहीत. त्यांच्यापर्यंत हा रोग येणार असेल तर तो माझ्याच पायांनी चालत येणार, कारण दळण मी आणते, दूध मी आणते, औषधाच्या दुकानात खेटून उभी मी राहते. आणि मीच आडवी पडले तर त्यांना कूस कोण बदलून देणार? एप्रिलात आपल्या गल्लीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही. तेव्हापासून रोज बाहेरून आले की अंगणातच आंघोळ करते आणि मग आत येते. आई म्हणतात, लग्नातसुद्धा ही इतकी न्हाली नव्हती.

मेच्या सुरुवातीला माझ्या वयाच्यांनाही लस मिळणार असं जाहीर झालं, तेव्हा आपला राजकुमार पुण्यात मोबाइल घेऊन बसला. सुट्टी नसताना आईसाठी पोरगा जागचा हलला नाही, हे मी त्याच्या नावावर जमा केलं. शेवटी त्याला मेहकरकडच्या एका केंद्रावर जागा दिसली. पण नाव नोंदवताना नंबर यांचा दिला होता, म्हणजे तो जो चार-सहा आकड्यांचा ओटीपी येतो तो यांच्या फोनवर आला, आणि हे त्या वेळी अत्यावश्यक सेवेच्या गाडीत तिकिटं फाडत होते. राजकुमारने यांना फोन लावला, यांनी गाडीच्या आवाजाच्या वरताण ओरडून एकेक आकडा सांगितला, मधेच एका म्हाताऱ्याने हे तिकीट कोणत्या गावचं म्हणून विचारलं, त्याला यांनी समजावून सांगितलं (यांना कोणालाही अर्धवट समजावता येत नाही), आणि तेवढ्यात जागा गेली. पुढच्या आठवड्यात तर माझ्या वयाच्यांची लसच थांबवली. मी कोणाचा राग धरला नाही. राजकुमारचा थोडा धरला, यांचा जरा जास्त धरला, त्या म्हाताऱ्याचा अजून आहे.

मग माझ्या डोक्यात आलं की जे लोक आजाऱ्याची सेवा करतात त्यांना तर लस सगळ्यांत आधी दिली. मग मी काय करते? आईंना सकाळ-संध्याकाळ साखरेची सुई मी टोचते. पाठीची जखम धुऊन पट्टी मी बांधते. कूस मी बदलते, लघवीची पिशवी मी रिकामी करते, आणि हे सगळं करताना शिव्याही मीच खाते. म्हणून दवाखान्यात गेले आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या भाऊंना सरळ सांगितलं, मलाही त्या रांगेत घ्या. माणूस गरीब होता. त्यांनी विचारलं, ताई, कोणत्या दवाखान्यात आहात? म्हटलं, घरी. पेशंट किती? म्हटलं, एकच, पण चारांना पुरून उरेल अशी. पगार? तेव्हा मी हसले आणि तेही हसले. मशीन मला गृहिणी म्हणूनच घेत होतं, आणि गृहिणी वयात बसत नव्हती. मी भांडायला पदर खोचून गेले होते. पण ते हळूच म्हणाले, ‘ताई, माही बायको घरी हेच करते. माह्या बापाले तीच पाह्यते. तिलेबी नाही भेटली.’ आता अशा माणसाशी काय भांडणार? त्यांनी पंख्याखाली खुर्ची दिली, पाणी दिलं, मी ते पिऊन घरी आले. आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सांगायचं ना, मी तुला कामावर ठेवली म्हणून. त्या डाव्या हाताचा अंगठा द्यायला तयार होत्या. मात्र भाकर जाड थापली तर कामावरून काढीन, असंही त्याच दमात सांगून झालं.

पुढचा उपाय आईंनीच काढला, आणि तो इतका सरळ होता की मला लाज वाटली. त्यांचं म्हणणं, मी तर वयात बसतो ना, मग मलाच टोचून आणा, तू काऊन जीव टाकून राह्यली? प्रश्न फक्त नेण्याचा होता. गोकुळला सांगितलं, तो चिखलीच्या बाजारात भाजी नेतो, त्याचा छोटा हत्ती टेम्पो आहे. त्याने आणि शेजारच्यांनी मिळून आईंना गादीसकट, खाटेसकट उचलून टेम्पोत ठेवलं. खाट घसरू नये म्हणून दोऱ्या बांधल्या. ऊन लागू नये म्हणून मी वरून पांढरी चादर घातली, पार तोंडावरून, आणि स्वतः मास्क, त्यावर पदर, असं डोळ्यांपुरतं तोंड उघडं ठेवून उशाशी बसले. ताई, तुम्हाला आता कळलं असेल. मला गावाच्या वेशीपर्यंत कळलं नाही.

दुकानांची दारं अर्धी लागली. बाया ओट्यावर येऊन डोळ्यांना पदर लावायला लागल्या. गावातले रामराव मोटरसायकलवरून उतरून, चप्पल काढून, हात जोडून उभे राहिले. दोन माणसं तर मान खाली घालून, बरंच अंतर ठेवून, टेम्पोच्या मागे चालायला लागली. (लोकांना भीती होती तरी ते आले, हे मी विसरणार नाही.) आईंना चादरीखाली दिसत काहीच नव्हतं, फक्त रडणं ऐकू येत होतं. त्यांनी मला आतूनच विचारलं, कोन गेलं वं? मी म्हटलं, कोणी नाही, पडून राहा. त्यांचा विश्वास बसला नाही. डाव्या हाताने चादर बाजूला केली, मान वर केली आणि रामरावांनाच विचारलं, ‘काहो रामराव, कोन गेलं?’ रामराव मागे सरकले ते मोटरसायकलवर, आणि मोटरसायकल गेली नालीत. मार्चपासून मी अशी हसले नव्हते. पुढे दवाखान्यापर्यंत आईंनी चादर घेतलीच नाही. डावा हात वर करून दोन्ही बाजूंना लोकांना दाखवत गेल्या, जशा काही निवडून आल्या आहेत. इकडे कोणीतरी यांना फोन करून टाकला होता. हे चिखलीहून मिळेल त्या जीपने रडत रडत आले आणि पाहतात तर आई टेम्पोत चहा पीत आहेत. (ते रडले हे मी लिहिलं असं त्यांना सांगू नका.)

एवढं करून लस मिळाली नाहीच. डॉक्टरांनी टेम्पोपाशी येऊन तपासलं, बीपी फार वाढलेलं होतं, आणि धक्क्यांनी पाठीची जखम उघडली होती. ते म्हणाले, आज नको, आणि पुन्हा यांना असं आणूही नका, जखम चिघळली तर ती लसीने भरणार नाही. घरी येऊन टोचायची सोय होईल तेव्हा पाहू. तोपर्यंत यांच्या जवळ जो असेल त्याने लस घेणं हाच उपाय. मी म्हटलं, म्हणजे मी. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही. मी म्हटलं, मला देत नाहीत. त्यावर डॉक्टर थोडा वेळ गोकुळच्या टेम्पोचा नंबर वाचत उभे राहिले.

मार्ग काढला तो तिथल्या प्रतीक्षा सिस्टरने. पोरगी वयाने लहान, पण बोलणं मुद्द्याचं. तिने सांगितलं, एका बाटलीत दहा जणांची लस असते, आणि बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते. आपल्या गावात लस घ्यायला दोघं-तिघं येतात, त्यांच्यासाठी बाटली फोडायची कशी, म्हणून ती दर वेळी बर्फाचा डबा तसाच परत नेते. पंचेचाळीसच्या वरची नऊ माणसं मंगळवारी शाळेत आणा, ती म्हणाली, दहावी लस उरली तर वाया घालवण्यापेक्षा तुमच्या वयाच्या माणसाला देता येते, तसं वरूनच आलं आहे. मास्क नसता तर मी तिचा मुकाच घेतला असता.

नऊ माणसं! तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या गावात नऊ माणसं म्हणजे काय मोठं? ताई, वर्गणीला नऊ माणसं मिळतील, पण लसीला नाही. कोणी म्हणे ताप येतो, ताप आला की तपासतात, तपासलं की गाडीत घालून नेतात, आणि नेलेला माणूस परत येत नाही. ही शेवटची गोष्ट खोटी आहे असं एप्रिलनंतर कोणाला छातीठोक सांगायची माझी हिंमत नव्हती. इंद्रभानकाका तर ओट्यावर बसून वकिलासारखे बोलत होते. त्यांचं म्हणणं, मला काही झालंच नाही, तर मी औषध कशाचं घेऊ? आणि ते येत नाहीत तोवर त्यांच्या ओट्यावरचे बाकीचे चौघं हलत नाहीत. मी आपली रोज भाकरी आटोपून, शेजारच्या चांगुणाला आईंपाशी बसवून, त्यांना समजावायला जायची आणि त्यांचंच ऐकून परत यायची.

शेवटी आईंनी खाटेवरून निरोप पाठवला. लहानपणी देवीची लस टोचायला माणसं आली, तेव्हा इंद्रभान कडब्याच्या गंजीत लपून बसला होता आणि दिवस मावळला तरी बाहेर आला नव्हता, हे मला चांगलं आठवते. मंगळवारी शाळेत दिसला नाही तर विहारातल्या बायांना सगळं सांगीन, बोलणं आता चांगलं सुधारलं आहे. काका आले. चौघांना घेऊन आले. छकुलीबाई आल्या, कारण उन्हाळाभर लग्नं नव्हती आणि पोराने आणलेली साडी तशीच घडीत होती, ती नेसायला कुठे तरी जायचंच होतं. रामराव तर मी बोलवायच्या आधीच तयार होते. आई चादरीतून उठल्या तेव्हापासून आपल्या घरचा निरोप ते मोडत नाहीत. अशी धरून-बांधून नऊ माणसं झाली. एकेकाचं नाव मी रात्री झोपताना मनात घोकायची, कोणी गळालं तर नाही ना म्हणून.

गेल्या आठवड्यातल्या त्या मंगळवारी मी सकाळीच शाळेत गेले. आता माणसं आपण बोलावली, ती कोरड्या तोंडाने कशी बसवायची? म्हणून किटलीभर चहा केला, मुरमुऱ्याचा चिवडा केला. दारात उभी राहून प्रत्येकाला या, बसा, पाणी घ्या, असं चाललं होतं. छकुलीबाईंची साडी सगळ्यांनी पाहिली. सिस्टर म्हणाली, ताई, हे लसीकरण आहे की बारसं? मी म्हटलं, तू टोच बाई, बाकीचं माझ्याकडे. एकेक करून नऊही जण झाले. इंद्रभानकाकांनी डोळे मिटून घेतले होते, पण आम्ही कोणी पाहिलं नाही असं ठरवलं. मग सिस्टरने दहावी सुई भरली आणि मला हाक मारली. मी किटली खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि दारात कोण उभं? इंद्रभानकाकांचे व्याही! मेहकरकडचे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. लेकीला भेटायला आले होते, घरी कोणी नाही, सगळे शाळेत आहेत असं कळलं, म्हणून इकडेच आले.

आता पुढचं मी जसं झालं तसं लिहिते, आणि हे तुम्हालाच लिहू शकते, कारण तुम्ही या घरात वाढल्या आहात. बावीस वर्षांत पाहुणा जेवायच्या आधी मी या घरात कधी पाटावर बसले नाही. आधी पाहुणे, मग माणसं, मग मुलं, मग बाया, आणि सगळ्यांत शेवटी घरची सून, आणि तेव्हा तव्यावर जे असेल ते. व्याही दारात उभे आहेत आणि मी खुर्चीवर बसून बाही वर करते, हे माझ्या अंगाला जमलंच नाही. माझं तोंड आपोआप बोललं, ‘या ना मामा, आधी तुम्ही बसा. माझं काय, मी घरचीच.’ ते बिचारे नाही नाही म्हणाले. मी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले, तुमचं होऊ द्या. मी म्हटलं, असं कसं, तुम्ही इतक्या लांबून आलात. पंगतीत दुसऱ्यांदा जिलेबी वाढताना जेवढा आग्रह करतात तेवढा सगळा मी केला, ताई. काही म्हणून कसर ठेवली नाही. सिस्टर सुई धरून माझ्याकडे पाहत होती, तिच्या भुवया मास्कच्या वर पार कपाळात गेल्या होत्या, आणि मी तिला मानेने खूण केली, वाढ म्हणून. आधार कार्ड त्यांच्या खिशातच होतं. ते बसले. टोचलं. बाटली संपली. मग मी त्यांना चहा दिला.

चहा त्यांच्या हातात दिला तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून बसले. अर्धा तास बसून झाल्यावर व्याही उठले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, ‘सूनबाई, खरं सांगू का? मले लस घ्याचीच नव्हती. घरी पोरगा म्हनून म्हनून थकला, मी नाही घेतली. पन तुमी इतक्या मानानं बसवलं, व्याह्याच्या गावात नाही कसं म्हनू?’ म्हणजे ज्याला नको होती त्याने मान राखायला घेतली, आणि जिला पाहिजे होती तिने मान राखायला सोडली. हे ऐकून सिस्टर बर्फाच्या डब्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. मग शाळेच्या मागच्या नळावर कप धुवायला गेले आणि तिथे मनसोक्त रडून घेतलं, नळ सोडून, म्हणजे आवाज यायला नको.

घरी येऊन आईंना सांगितलं. मला वाटलं, आता महिनाभराचं हसू मिळालं यांना. पण त्या हसल्या नाहीत. तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाल्या, ‘हे मीच शिकवलं तुले.’ एवढंच. संध्याकाळी मी ताट घेऊन भरवायला बसले तर ओठ घट्ट मिटलेले. म्हणाल्या, आधी तू. मी म्हटलं, आई, गोळी घ्यायची आहे. आधी तू. तुम्हाला त्यांचा हट्ट माहीत आहे, भाकर निवून गेली पण तोंड उघडलं नाही. शेवटी मी त्यांच्यासमोर बसून जेवले, त्यांनी शेवटचा घास जाईपर्यंत पाहिलं आणि मग तोंड उघडलं. तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. गरम भाकर, गरम वरण, आणि समोर आई राखण करत. मला अजून सवय झालेली नाही, गाडीत बिनातिकिटाचं बसल्यासारखं वाटतं, पण जेवण गोड लागतं हे खोटं कशाला बोलू?

बाकी सगळी खुशाली. लस घेतलेल्या सगळ्यांना ताप आला आणि सगळे उठून बसले. इंद्रभानकाका दोन दिवस असे कण्हत होते की पलीकडच्या गल्लीला कळत होतं. व्याह्यांनाही ताप भरला, त्यांचा मुक्काम वाढला, त्यांना खिचडी मीच पाठवली. सिस्टर येत्या मंगळवारी पुन्हा येणार आहे, आणि कोणी मेलं नाही हे पाहून आता माणसं आपण होऊन येतो म्हणतात. या वेळी ती माझी सुई मोजून बाजूला ठेवणार आहे, आणि दारात कोण उभं आहे ते मला पाहू देणार नाही म्हणाली. ताप आला तर दोन दिवस निभावून नेऊ. यांनी रजा टाकतो म्हटलं आहे, पण आई यांच्याकडून पाणी पितात, गोळी घेतात, अंग पुसून घेत नाहीत. पोराच्या हातून नाही म्हणजे नाही. चांगुणा बसते, पण तिची कंबर धरलेली, तिच्याने आईंना उचलवत नाही. होईल काहीतरी. तुम्ही अजिबात काळजी करू नका. सगळं निवळलं की सावकाश आरामाला या, आंब्याचं लोणचं तुमच्या नावाने वेगळ्या बरणीत घातलं आहे.

भाऊजींना पुन्हा जय भीम, लेकरांना पापा.

तुमची वहिनी,
धम्मशीला

ता. क. आईंना लागतो त्या मोठ्या मापाचा डायपर चिखलीतही मिळत नाही. तिकडे मिळाला तर कंडक्टरांच्या हाती दोन पुडके पाठवाल का?

ता. क. पाठवण्यापेक्षा कोणी घेऊनच आलं तर बरं पडेल, असं आत्ता वाटलं. तुमचे दोन्ही डोस झाले आहेत म्हणून आपलं वाटलं. कंडक्टर सोमवारी सकाळी नाशिकहून इकडे निघतात. मी सहज विचारलं होतं.

ता. क. ताई, आता स्पष्टच लिहिते, नाहीतर या पत्रातही मी माझी खुर्ची दुसऱ्यालाच देऊन बसेन. तुम्ही माहेरी येता तेव्हा मला आवडतं. तुमचं आंघोळीचं पाणी काढायला, डोक्याला तेल घालायला, आवडीचं रांधायला मला खरंच आवडतं. पण या खेपेला ते माझ्याने होणार नाही. मंगळवारी मला सुई टोचली आणि रात्री ताप भरला, तर मी पडून राहीन आणि आईंची कूस तुम्हाला बदलावी लागेल. त्यांना धुवावं लागेल. पाठीची पट्टी मी शिकवीन. मलाही पाणी द्यावं लागेल कदाचित. नणंदेला असं काही सांगायचं म्हणजे माझा हात थांबतो आहे. सुईची भीती मला नाही. मी आजारी पडले तर आई राहतील की जातील, याची आहे, आणि ती रोज आहे.

ता. क. काय लिहून राह्यली, म्हणून आईंनी विचारलं, तेव्हा वाचून दाखवलं (वरचं शेवटचं सोडून). त्यांचंही लिहायला सांगतात, शब्द न बदलता: ‘विमल, सोमवारी ये. पावनी म्हनून येऊ नोको, पोरगी म्हनून ये. मंगळवारी हिले खुर्चीवर बसव आन् शाळेचं दार लावून घे. माह्या जिवाचं काही नाही, मी लय जगली. पन हिले काही झालं तं मी वरडू कोनावर?’

हे असंच्या असं लिहिलं आहे. सोमवारच्या गाडीत खिडकीची जागा धरून ठेवायला सांगितली आहे.